बाटलीला फळी, ज्वारीला ढीग



आमच्या एका कार्यकर्त्याचा पुतण्या पुण्यात सुतारकाम करतो. घरची आठ एकर कोरडवाहू दोघा भावांना पुरेना, म्हणून धाकट्याने रंधा हातात घेतला आणि शहर गाठले. आता तो दुकानांच्या आतले फर्निचर करतो. दिवाळीला घरी आला तेव्हा वेचणी चालू होती. पहिल्या वेच्याचा कापूस बाहेरच्या खोलीत आढ्याला टेकलेला आणि त्याच खोलीच्या उरलेल्या कोपऱ्यात पोरासोरांची अंथरुणे. रात्री अंग खाजवत तो म्हणाला, "काका, मागच्या महिन्यात मी एका वाईनच्या दुकानाचं काम केलं. तिथं एकेका बाटलीला झोपायला वेगळा खण, दिवसरात्र गारवा आणि अंगावर ऊन पडू नये म्हणून काचेला पडदा. आपल्याकडं माणूस अन् कापूस एकाच अंथरुणावर."

आम्ही हसलो, पण ते बोलणे डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी त्याला समोर बसवून त्या दुकानाची सगळी हकीकत विचारून घेतली. कापूस-ज्वारीवाल्यांच्या पत्रकात वाईनच्या दुकानाच्या सजावटीवर लेख कशाला, असे कुणीही विचारील. कारण एवढेच की, शेतात पिकलेल्या मालाला किंमत कुठे आणि कशी चढते हे शिकायला त्या दहा बाय वीस फुटांच्या खोलीसारखी दुसरी शाळा नाही. वाईन म्हणजे अखेर द्राक्षाचाच रस. एका बाटलीला साधारण एक-सव्वा किलो द्राक्षे लागतात. ती द्राक्षेही कुण्या शेतकऱ्यानेच पिकवलेली असतात.

आधी एक शंका

मायबहिणींच्या मनात शंका येणार हे आम्ही जाणतो. गावातले दुकान बंद करण्यासाठी ज्यांनी रांगेत उभे राहून 'आडव्या बाटली'ला मत दिले, त्यांच्यापुढे बाटलीचे गुणगान कशासाठी? वर्धा जिल्ह्यात १९७४ पासून दारूबंदी आहे, गडचिरोलीत १९९३ पासून. दारूने उठलेली घरे आम्ही पाहिली आहेत. तेव्हा स्पष्ट सांगतो, कुणी वाईन प्यावी असे आमचे म्हणणे नाही. आम्हाला बाटलीतले नको, बाटलीभोवतीचे हवे.

दुसरे असे, की आपल्या तालुक्याच्या ठिकाणी 'वाईन शॉप' अशी पाटी असते त्या दुकानाबद्दल आम्ही बोलत नाही. तिथे पाटीवर वाईन असते आणि आत वाईन सोडून बाकी सगळे. समोर लोखंडी जाळी, जाळीला हात जाईल एवढी खिडकी, आत पैसे टाकायचे, बाहेर बाटली घ्यायची आणि पिशवीत लपवून निघायचे. त्या दुकानाची आखणी चोरी होऊ नये एवढ्यासाठीच झालेली असते. माल काय आहे, कुठला आहे, हे तिथे कुणी विचारत नाही आणि कुणी सांगत नाही. हे वर्णन नीट लक्षात ठेवा. पुढे बाजार समितीच्या आवारात आपल्याला पुन्हा हेच दिसणार आहे.

खोलीची आखणी

आमच्या या सुताराने काम केले ते दुकान फक्त वाईनचे, लहान आणि निवडक मालाचे. मालक आखणीवर दिवसचे दिवस वाद घालत होता. वाद रंगाचा नव्हता, मालाचा होता. या मालाला काय सोसते आणि काय सोसत नाही, तिथून सुरुवात.

वाईनचे तीन वैरी. पहिला उष्णता. बारा ते चौदा अंशांत ती वर्षानुवर्षे टिकते, उन्हाळ्याच्या चाळीस अंशांत थोड्याच दिवसांत बिघडते. म्हणून दुकान बंद असले तरी रात्रीही गारवा चालूच. दुसरा वैरी ऊन. उन्हाच्या किरणांनी चव उतरते, म्हणून रस्त्याकडच्या काचेत माल ठेवायचा नाही, ठेवलाच तर रिकामी बाटली ठेवायची. आतले दिवे मंद आणि पिवळसर, मालापासून लांब. तिसरा वैरी कोरडी हवा. बाटलीला झाडाच्या सालीचे बूच असते. ते वाळले की आक्रसते, फटीतून हवा आत जाते आणि माल आंबतो. म्हणून बाटली आडवी ठेवायची. रस बुचाला लागून राहतो, बूच ओले राहते. आमच्या मायबहिणींनी आडव्या बाटलीला मत दिले ते दुकान बंद करायला. इथे आडवी बाटली म्हणजे माल राखण्याची युक्ती.

मग फळीचा हिशेब. भरलेली एक बाटली सव्वा किलोच्या आसपास, म्हणजे हजार बाटल्यांचे बारा-साडेबारा क्विंटल झाले. एवढे वजन भिंतीला टांगता येत नाही, जमिनीवर पेलावे लागते, नाहीतर वर्षभरात फळ्यांना पोट सुटते. प्रत्येक खणात एका जातीच्या बाटल्या आडव्या आणि वरच्या तिरप्या फळीवर त्याच जातीची एक बाटली, नाव दिसेल अशी. गिऱ्हाईकाने वरची पाहायची, खालची न्यायची. डोळ्यांच्या रेषेतल्या फळीवर दुकानदाराला जो माल खपवायचा आहे तो. दोन मांडण्यांमध्ये दोन माणसे एकमेकांना धक्का न लावता जातील एवढी वाट, कारण धक्का लागलेले गिऱ्हाईक थांबत नाही आणि न थांबलेले गिऱ्हाईक महाग माल घेत नाही.

खोलीच्या मागच्या अंगाला चव बघण्याचा ओटा. त्याच्या मागे पांढरी भिंत, कारण रसाचा रंग पांढऱ्यासमोर दिसतो. आणि प्रत्येक खणाखाली एक चिठ्ठी. मालकाने सुताराला चिठ्ठीसाठी खाच करायला लावली तेव्हा त्याला वाटले, भावाची चिठ्ठी असेल. भाव होता, पण खाली बारीक अक्षरात. वर ठळक अक्षरात काय? देश, जिल्हा, गाव, द्राक्षाची जात, कोणत्या वर्षीचे पीक आणि कशाबरोबर खावे.

या सगळ्याचा पैशांत काय उपयोग होतो? दोन संशोधकांनी अमेरिकेतल्या एका वाईनच्या दुकानात केलेला प्रयोग १९९३ साली प्रसिद्ध झाला. काही दिवस त्या काळची चालू गाणी लावली, काही दिवस शास्त्रीय संगीत. शास्त्रीय संगीत चालू असताना लोकांनी बाटल्या जास्त घेतल्या नाहीत, पण महागातल्या घेतल्या. माल तोच, खोली तीच, हवा बदलली आणि गल्ला वाढला. शेतात नांगराचा एक फाळही जास्त फिरला नव्हता.

चिठ्ठीमागचे आंदोलन

ती गावाच्या नावाची चिठ्ठी पाहून कुणाला वाटेल, ही व्यापाऱ्याची हुशारी. तसे नाही. त्या चिठ्ठीमागे शेतकऱ्यांचे रक्त आहे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दक्षिण फ्रान्समध्ये वाईनचे भाव कोसळले होते. उत्पादन भरमसाट, त्यात साखर आणि पाणी घालून केलेली बनावट वाईन बाजारात. १९०७ साली मार्सेलीं आल्बेर नावाच्या एका खेड्यातल्या माणसाने, ज्याची थोडी बाग होती आणि लहानसे कॉफीचे दुकान होते, हाक दिली. दर रविवारी सभा, दर सभेला गर्दी दुप्पट. ९ जूनला माँपेलिए शहरात लाखो बागाईतदार रस्त्यावर उतरले. सरकारने फौज पाठवली. नार्बोन शहरात गोळीबार झाला, माणसे मेली. एका पलटणीतल्या शिपायांनी, जे त्याच मुलखातल्या शेतकऱ्यांची पोरे होती, बंड केले. आणि त्याच महिन्याच्या २९ तारखेला भेसळीविरुद्ध कायदा झाला. पुढे १९३५ च्या कायद्याने तिथे मुलखाच्या नावाला संरक्षण मिळाले. ज्या मुलखात पिकले त्याचेच नाव बाटलीवर, दुसऱ्याने ते वापरले तर गुन्हा.

म्हणजे दुकानातली सुबक चिठ्ठी ही आधी रस्त्यावरची मागणी होती. सुतार खाच करतो ती नंतर.

दोन दुकाने

आता परदेशातल्या दोन नामांकित दुकानांची आखणी पाहू. दोन्ही आपल्या कामाची आहेत.

पहिले बोर्डोचे. हे नाव ऐकल्यावर संत्रा-द्राक्षवाल्यांना मोरचूद आणि चुना आठवेल. बरोबर, बोर्डो मिश्रण तिथलेच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथल्या द्राक्षांवरच्या केवड्यासाठी ते वापरात आले आणि आपल्या पंपापर्यंत पोचले. औषधाचे नाव पोचले, दुकानाचे पोचले नाही. त्या शहरात 'लँतांदाँ' नावाचे दुकान आहे. जागा फार नाही, म्हणून ते उभे वाढवले आहे. मध्ये गोल वळणाचा जिना आणि जिन्याभोवती भिंतभर गोलाकार फळ्यांवर हजारो बाटल्या. खाली स्वस्त माल, जसजसे वर चढाल तसतसा भाव चढत जातो. पण खरी गोष्ट जिन्याची नाही. त्या दुकानात जगभरचा माल नाही. तिथे फक्त बोर्डो भागातली वाईन मिळते. आपल्यात म्हणतात, पिकते तिथे विकत नाही. बोर्डोवाल्यांनी जे पिकते तेच, तिथेच, गावाचे नाव घालून विकले आणि त्यासाठी शहराच्या मध्यावर इमारत राखली.

दुसरे न्यूयॉर्कचे. १९९६ साली तिथे 'बेस्ट सेलर्स' नावाचे छोटे दुकान निघाले. आखणी डेव्हिड रॉकवेल यांच्या संस्थेची. त्या दुकानाने एक अडचण ओळखली होती. साध्या गिऱ्हाईकाला फ्रान्सचा नकाशा कळत नाही आणि शंभर परकी नावे पाहून तो घाबरून बाहेर पडतो. म्हणून त्यांनी माल मोजका ठेवला, शंभरेक प्रकार आणि सगळे दहा डॉलरच्या आत. मांडणी देशाप्रमाणे न करता चवीप्रमाणे केली. फसफसणारी, ताजी, मऊ, रसाळ, भारी, गोड अशा आठ गटांत. भिंतीत गोल खण, त्यांत बाटल्या आडव्या, मागून उजेड, आणि समोर एकेक बाटली उभी. अडाणी गिऱ्हाईकालाही स्वतःला काय आवडते ते सांगता येत होते, आणि तेवढे सांगितले की त्याचा खण सापडत होता.

एक दुकान सांगते, मालावर गाव लिहा. दुसरे सांगते, गिऱ्हाईकाला कळेल अशा भाषेत लिहा. दोन्ही बरोबर आहेत.

आपल्या मालाची खोली

आता आपल्याकडे वळू. आपल्या मालाची खोली कोणती? उघडे आभाळ.

कापूस घरात माणसांबरोबर झोपतो आणि मग गाडीत भरला जातो. पहिल्या वेच्याचा पांढराशुभ्र, दुसऱ्याचा जरा मळका आणि शेवटी फरदडीचा कवडीचा, बहुतेक घरांत तिन्ही एकाच ढिगात. खताच्या पोत्याचा प्लास्टिकचा धागा त्यात, सुतळी त्यात, वेचताना गळालेले केस त्यात. जिनिंगच्या आवारात तो दहा गावांच्या कापसात मिसळतो आणि गाठ होऊन बाहेर पडतो. १७० किलोच्या त्या गाठीवर कुण्या गावाचे नाव नसते. पुढे सूत गिरणीवाला त्याच गाठीतली धाग्याची लांबी, ताकद आणि जाडी यंत्रावर मोजून घेतो आणि त्याप्रमाणे भाव ठरवतो. म्हणजे मोजमाप होते, पण माल आपल्या हातून गेल्यावर. आपल्या दारात मात्र व्यापारी मूठभर कापूस ओढून पाहतो आणि नाक मुरडतो.

ज्वारीचे तसेच. ओट्यावर ढीग पडतो, लिलावाची टोळी पुढे सरकते, दोन दाणे तोंडात, एक आकडा आणि पुढचा ढीग. अवकाळी आला तर उघड्यावरचा दाणा काळा पडतो आणि त्याचा दोषही शेतकऱ्याच्या पदरात. ही तीच जाळीची खिडकी आहे. माल टाका, पैसे घ्या, निघा.

आणि सरकारच्या लेखी आपल्या मालाच्या चवीची किंमत किती? २०२५-२६ च्या हंगामात संकरित ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३,६९९ रुपये आणि मालदांडीचा ३,७४९. फरक पन्नास रुपयांचा, म्हणजे किलोमागे आठ आणे. भाकरी खाणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा, संकरित आणि मालदांडीत आठ आण्यांचा फरक आहे का. त्याच हंगामात कापसालाही जाहीर भाव दोनच होते, मध्यम धाग्याला ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११०. त्या पुण्याच्या दुकानात शे-दीडशे खण, आमच्या मालाला दोन. आणि बऱ्याचदा हे दोनही कागदावर, बाजारात एकच.

आम्हाला हे कधी येतच नव्हते असे नाही. वाईनवाल्यांचे तळघर ते आपले पेव. जमिनीत खोल खणलेले, आतून काडाने मढवलेले, तोंड लिंपून बंद केलेले. आत हवा नाही, उजेड नाही, किडा नाही. दुष्काळात पेव उघडले की गाव तगायचे. घरात कणगी होती, लिंबाचा पाला होता, आणि बियाण्याची कणसे आढ्याला टांगलेली असत. कुणाच्या शेतातली ज्वारी भाकरीला मऊ, कुणाची हुरड्याला गोड, कुणाची लाह्यांना फुलते, हे गावातल्या बायांना तोंडपाठ होते. म्हणजे गाव, जात आणि चव हे तिन्ही आपल्याकडे होते. आपण फक्त ती चिठ्ठी लिहिली नाही, आणि ढीग केला त्या दिवशी ती माहिती पुसली गेली.

नाव लिहायला सुरुवात झाली आहे, नाही असे नाही. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. भारताच्या कापसासाठी 'कस्तुरी' हे नाव आणि चिन्ह २०२० साली जाहीर झाले. चांगले झाले. पण नाव कागदावर मिळणे आणि त्या नावाचा खण दुकानात असणे यात अंतर आहे. खणाशिवाय नाव म्हणजे सातबाऱ्याशिवाय जमीन.

किल्ली कुणाकडे?

इथे एक इशारा दिला पाहिजे, नाहीतर आम्ही दुकानाच्या उजेडात डोळे दिपवून घेतल्यासारखे होईल.

२७ जानेवारी २०२२ रोजी महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने एक निर्णय घेतला. एक हजार चौरस फुटांच्या वरच्या किराणा दुकानांत वाईन ठेवायला परवानगी, तीही सव्वादोन घनमीटरच्या कुलूपबंद कपाटात. कपाटाचे माप ठरवायला मंत्रिमंडळ बसल्याचे आम्ही प्रथमच पाहिले. सरकार म्हणाले, शेतकऱ्याच्या फळाला भाव मिळेल. विरोधक म्हणाले, घराघरात दारू जाईल. अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला. दोन्ही बाजूंनी शेतकऱ्याचे नाव घेतले. पण त्या कपाटाची किल्ली शेतकऱ्याकडे असणार की नाही, हे कुणी विचारले नाही.

हा प्रश्न का महत्त्वाचा? २००१ साली राज्याने द्राक्ष प्रक्रियेचे धोरण आणले. नाशिककडे वायनऱ्या उभ्या राहिल्या, अनेकांनी खाण्याच्या द्राक्षांऐवजी वाईनच्या जाती लावल्या. या जातींचा मणी बारीक, बी मोठे. बाजारात टोपलीत विकायला तो चालत नाही, गिऱ्हाईक एकच, वायनरी. २००८ नंतर मंदी आली, माल तुंबला, आणि अनेक ठिकाणी वायनऱ्यांनी द्राक्षे उचलली नाहीत. शेतकऱ्यांनी उभ्या बागांवर कुऱ्हाड चालवली. त्या काळातही शहरातल्या दुकानांत फळ्या चकचकीत होत्या, गारवा चालू होता. बाटली सुखात झोपलेली आणि वेल बांधावर पडलेला. ज्याच्या हाती ससा तो पारधी. ज्याची फळी त्याचा भाव.

तेव्हा दुकान सुंदर झाले म्हणजे शेतकरी सुखी झाला, असे आमचे म्हणणे नाही. आमचे म्हणणे असे की, भाव फळीवर चढतो, म्हणून फळी दुसऱ्याच्या हातात सोडू नका.

मग करायचे काय?

आम्ही कुणाला संगमरवरी फरशी घाला म्हणत नाही. ज्वारीला बारा अंशांचा गारवा लागत नाही, एवढी आपली ज्वारी गरिबाची सोबतीण आहे. तिला तीनच गोष्टी हव्यात. दाणा दाताखाली कडक फुटेल इतका वाळलेला, ओल येणार नाही अशी जमिनीपासून उचललेली जागा, आणि उंदीर-सोंडे शिरणार नाहीत असे झाकण. तालुक्याच्या गावी दहा बाय बाराची एक खोली, भाड्याची का होईना, यात बसते.

तिची आखणी अशी. तीन भिंतींना वीतभर उंच ओट्यावर पत्र्याच्या बंद कोठ्या, एका कोठीत एकाच गावची, एकाच जातीची ज्वारी. प्रत्येक कोठीपुढे काचेची बरणी, दाणा दिसावा म्हणून, जसे त्या दुकानात वरच्या फळीवर एक बाटली. मांडणी बियाण्याच्या नावाने नको, ते शहरातल्या बाईला कळत नाही. कामाप्रमाणे करा. भाकरीची, हुरड्याची, लाह्यांची, धपाट्याची, आंबिलीची. चिठ्ठीवर मग गाव, जमीन काळी की मुरमाड, जात, पेरणीचा महिना आणि पिकवणाऱ्याचे नाव. मागच्या अंगाला लहान गिरणी, कारण ज्वारीचे पीठ ठेवले की कडसर होते, ते गिऱ्हाईकासमोर ताजे दळून द्यायचे. आणि चव बघण्याच्या ओट्याच्या जागी चूल आणि तवा. दुकानात शिरताच भाजत्या भाकरीचा वास आला तर शास्त्रीय संगीत लावायची गरज नाही.

खोली गावांच्या गटाची, कोठी शेतकऱ्याची, विकेल त्याप्रमाणे पैसे त्याच्या खात्यात. माल खराब निघाला तर चिठ्ठीवर नाव आहे, लाज त्याचीच. नावाबरोबर जबाबदारी येते, हे फ्रान्सच्या शेतकऱ्यांनी मान्य केले म्हणून त्यांना कायदा मागण्याचा अधिकार राहिला. आपल्यातला जो पोत्याच्या तळाशी ओली ज्वारी घालतो, त्याला या खोलीत जागा नाही, हे आधीच बोललेले बरे.

कापसाला दुकान काढता येणार नाही. त्याची फळी जिनिंगमध्येच आहे. पण पहिले काम आपल्या घरातले आहे. तीन वेचे तीन ठिकाणी ठेवा. वेचायला कापडाची झोळी, प्लास्टिकचे पोते नाही. डोक्याला रुमाल. दहा-वीस घरांनी मिळून गाडीभर पहिल्या वेच्याचा कापूस एकत्र न्यावा आणि जिनिंगवाल्याला सांगावे, याची गाठ वेगळी बांध, तपासणीचा कागद आम्हाला दे. तो पहिल्यांदा नाही म्हणेल. दहा गाड्या उभ्या राहिल्या की ऐकेल. लांबी, ताकद, जाडी आपल्या हातात लिहून आली की नाक मुरडणाऱ्याला कागद दाखवता येईल.

याने हमीभावाचा प्रश्न सुटतो असे कुणी समजू नये. सगळी ज्वारी आणि सगळा कापूस खणात मावणार नाही, ढीग राहणारच आणि ढिगाच्या भावासाठी भांडावे लागणारच. पण ज्याने आपल्या मालाची चव आणि धागा एकदा मोजून, नाव घालून विकला आहे, तो ढिगापाशी उभा राहिला तरी मान खाली घालून उभा राहत नाही.

पुढच्या जिल्हा बैठकीला एक करू या. प्रत्येक तालुक्याने पाच किलो ज्वारी आणावी, सोबत चिठ्ठी. गाव, जमीन, जात, पेरणीचा महिना, पिकवणाऱ्याचे नाव. चिठ्ठ्या झाकून ठेवू. मायबहिणी तव्यावर भाकरी टाकतील, चव बघून सांगतील कोणती कशासाठी चांगली, आणि मग चिठ्ठ्या उघडू. कापूसवाल्यांनी तिन्ही वेच्यांची एकेक ओंजळ वेगळी बांधून आणावी. आमचा सुतार पुतण्या त्या दिवशी सुट्टी काढून येतो म्हणाला आहे, खोलीचे माप घ्यायला. खोली कोणत्या गावात घ्यायची ते तुम्ही ठरवून या.